एअरग्लोमधल्या लहरी बघण्यासाठी व्हिअर्सचा डे-नाइट बँड : काय मिळतं, काय फसवतं

जमिनीपासून ८५ ते ९५ किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या गुरुत्व लहरी तीन हजार किलोमीटर रुंद पट्ट्यात, एकाच चित्रात आणि विनामूल्य बघायच्या असतील, तर व्हिअर्स या उपग्रहांवरच्या उपकरणाच्या, रात्रीचा मंद उजेड टिपणाऱ्या डे-नाइट बँडला आज तोड नाही. मात्र ही सोय त्या कामासाठी केलेलीच नव्हती. रात्रीचे ढग, शहरांचे दिवे, वणवे, मासेमारीच्या बोटी टिपायच्या म्हणून हा बँड बनला आणि एअरग्लो, म्हणजे वरच्या हवेचा स्वतःचा मंद उजेड, त्यात आगंतुकासारखा आला. त्यामुळे या सेवेचा सर्वांत सोपा भाग लहरींच्या कामाला सर्वांत कमी उपयोगी आहे. खरं काम होतं ते तिच्या किचकट भागात.

आधी नेमकं काय दिसतं ते बघू. दिवसा अतिनील किरणांनी ऑक्सिजनचे रेणू फुटतात आणि त्या अणूंतली साठलेली ऊर्जा रात्रभर मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडत राहते. हाच एअरग्लो. हायड्रॉक्सिलचा थर ८७ किलोमीटरच्या आसपास असतो, सोडियमचा पिवळा प्रकाश ९० च्या जवळ, ऑक्सिजन अणूची ५५७.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा ९६ च्या जवळ आणि ६३० ची तांबडी रेषा थेट २५० किलोमीटरच्या घरात. खालून वर येणारी गुरुत्व लहर हवेला दाबते, ताणते, तापवते, निववते. त्याबरोबर या थरांचा उजेड कमी-जास्त होतो आणि पट्टे दिसतात. (इथे विषय हवेच्या उत्प्लावकतेतून उठणाऱ्या लहरींचा आहे, कृष्णविवरांच्या टकरींचा नाही.) वर जाताना हवा विरळ होते म्हणून लहरीचा आयाम वाढत जातो. मध्ये कुठे विरली नाही, तर १२ किलोमीटरवरच्या वादळाच्या माथ्यापासून ८७ किलोमीटरपर्यंत तो साधारण दोनशे पट होतो. खाली जेमतेम जाणवणारी हालचाल वर डोळ्यांत भरते ती यामुळे.

व्हिअर्स सध्या तीन उपग्रहांवर आहे : सुओमी एनपीपी (ऑक्टोबर २०११ मध्ये सुटला), नोआ-२० (नोव्हेंबर २०१७) आणि नोआ-२१ (नोव्हेंबर २०२२). तिघेही ध्रुवीय कक्षेत, सुमारे ८३० किलोमीटर उंचीवर, आणि विषुववृत्त ओलांडण्याची स्थानिक वेळ रात्री दीडच्या आसपास. डे-नाइट बँड ५०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश घेतो आणि पिक्सेल ७४२ मीटरचा, तोही पट्ट्याच्या मध्यापासून काठापर्यंत जवळपास तेवढाच. हा समान पिक्सेल फार मोलाचा आहे, कारण बाकीच्या बँडमध्ये काठाकडे पिक्सेल पसरत जातो. संवेदनक्षमतेची मूळ अट चौरस सेंटिमीटर-स्टेरेडियनला ३ नॅनोवॅटची होती. एअरग्लोचा उजेड नॅनोवॅटच्या काही दशांशांएवढाच असतो. उपकरण अटीपेक्षा कितीतरी सरस निघालं म्हणूनच हे सगळं दिसतं. स्टीव्हन मिलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमावास्येच्या रात्रीही या बँडला ढग दिसतात हे दाखवलं आणि २०१५ मध्ये एअरग्लोमधल्या लहरींचे तपशील मांडले.

एक गोष्ट जमिनीवरच्या कॅमेऱ्यालाही मिळत नाही. ऑक्सिजन रेणूचा ७६२ नॅनोमीटरचा पट्टा खालची हवा गिळून टाकते, त्यामुळे तो जमिनीवरून दिसतच नाही. उपग्रहाला मात्र तो थेट दिसतो. उलट हायड्रॉक्सिलचा सर्वांत तेजस्वी भाग १.५ मायक्रॉनच्या पुढे आहे, तो या बँडच्या बाहेर राहतो. आणि मोठी उणीव अशी, की हे सगळे थर एकाच आकड्यात मिसळून येतात. ज्या लहरीची उभी तरंगलांबी १०-१५ किलोमीटरहून कमी, तिचे वरच्या थरातले उजळ भाग खालच्या थरातल्या अंधाऱ्या भागांवर पडतात आणि पट्टे पुसले जातात. चित्रात लहर दिसली नाही म्हणजे ती नव्हती असं म्हणता येत नाही.

चंद्र आणि तारीख

निम्मे प्रयत्न इथेच वाया जातात. चांदणं असेल तर ढगांवरून परतलेला चंद्रप्रकाश एअरग्लोला गिळून टाकतो. उपग्रह रात्री दीडला येतो, म्हणून त्या वेळी चंद्र क्षितिजाखाली हवा. पंचांगाच्या भाषेत वद्य एकादशीपासून शुद्ध नवमीपर्यंतच्या रात्री धरा; महिन्यातले साधारण निम्मे दिवस हाती येतात. सीमेवरच्या तिथींना जपून, कारण विषुववृत्ताजवळ पट्ट्याची रुंदी २७ अंश रेखांशांच्या आसपास भरते आणि त्याच्या दोन टोकांच्या स्थानिक वेळेत पावणेदोन तासांचा फरक पडतो. एका काठाला चंद्र मावळलेला असतो, दुसऱ्या काठाला अजून वर असतो.

तारखेचा घोळ त्याहून साधा आणि त्याहून त्रासदायक. सगळं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आहे. ९० अंश पूर्व रेखांशावर १३ तारखेच्या रात्री दीड वाजता उपग्रह गेला, तर यूटीसीत ती १२ तारखेची साडेसात संध्याकाळ असते. वादळाची वेळ एका घड्याळात आणि चित्र दुसऱ्या घड्याळात शोधलं की काहीच जुळत नाही आणि दोष उगाच माहितीला दिला जातो.

वर्ल्डव्ह्यू : चाळायला उत्तम, मोजायला नाही

नासाचं वर्ल्डव्ह्यू ब्राउझरमध्ये उघडतं, खातं लागत नाही. रात्रीच्या थरांमध्ये डे-नाइट बँडचे प्रकार मिळतात. लहरी चाळण्यासाठी ब्लॅक मार्बल या नासाच्या रात्रीच्या चित्रमालिकेचा निळा-पिवळा मिश्र थर आधी लावावा. त्यात दृश्य उजेडाबरोबर एम-१५ या औष्णिक बँडचं तापमानही मिसळलेलं असतं, त्यामुळे थंड, उंच ढग निळसर दिसतात आणि वादळाचा माथा कुठे आहे ते लगेच कळतं. तुलनेची सरकपट्टी, अंतर मोजण्याची सोय आणि दिवसामागून दिवस सरकवण्याचे बाण हे तिन्ही नीट चालतात.

तक्रार चित्रांबद्दल आहे. सेन्सरवरच्या उजेडाचा थर शहरांच्या दिव्यांना शोभेल अशा पल्ल्यात बसवलेला आहे. एअरग्लोचा सगळा चढउतार त्याच्या तळाच्या काळ्या छटांत दबून जातो. नियर कॉन्स्टंट कॉन्ट्रास्ट प्रकारात सूर्य-चंद्राचा अपेक्षित उजेड धरून चित्र समतोल केलेलं असतं. डोळ्याला ते छान वाटतं आणि ठसठशीत लहरी त्यात दिसतातही, पण छटेवरून मूळ उजेडाचा आकडा काढता येत नाही. शिवाय दिवसाचं एकच जोडचित्र मिळतं; उंच अक्षांशांवर जिथे कक्षा एकमेकींवर चढतात तिथे त्यांतली एकच राहते.

ब्लॅक मार्बलचं पुढच्या पायरीचं उत्पादन, चंद्रप्रकाश आणि वातावरण वजा केलेलं, याच्या वाटेला जाऊच नये. त्याचा हेतूच जमिनीवरचे दिवे उरवून बाकी सगळं काढून टाकण्याचा आहे. मासिक सरासऱ्यांची गोष्ट तर बोलायलाच नको.

मूळ फाइल

खरं साहित्य नासाच्या लाड्स या संग्रहात आहे. त्यासाठी नासाच्या अर्थडेटाचं विनामूल्य खातं काढावं लागतं. सुओमीसाठी व्हीएनपी-०२-डीएनबी ही उजेडाची आणि व्हीएनपी-०३-डीएनबी ही स्थाननिश्चितीची फाइल, दोन्ही एकाच वेळेच्या. नोआ-२० साठी सुरुवात व्हीजे-१ अशी, नोआ-२१ साठी व्हीजे-२. प्रत्येक फाइल सहा मिनिटांची, नेटसीडीएफ प्रकारची. स्थानाच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांशांबरोबर उपग्रहाचा, सूर्याचा आणि चंद्राचा शिरोबिंदूपासूनचा कोन असतो. हे तिन्ही आकडे पुढे लागणार आहेत, म्हणून दुसरी फाइल टाळू नये. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्याला पॅनोप्ली या तयार प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून बघता येते. पायथन येत असेल तर त्यातलं सॅटपाय हे पॅकेज ही फाइल थेट वाचतं. ताजी माहिती लान्स या तातडीच्या सेवेतून काही तासांत येते, पण घाई नसेल तर नेहमीच्या संग्रहातलीच घ्यावी; तिचं अंशांकन जास्त काळजीचं असतं.

फाइल उघडल्यावर पहिलं चित्र जवळपास काळं दिसेल. त्याने खचू नये. पुढचा क्रम असा ठेवावा. १ नॅनोवॅटहून तेजस्वी पिक्सेल आधी झाका : दिवे, बोटी, विजा. हे आधीच केलं नाही तर पुढे सरासरी घेताना प्रत्येक दिवा डाग होऊन पसरतो. मग ३ गुणिले ३ किंवा ५ गुणिले ५ पिक्सेलांची सरासरी घ्या. विभेदन दोन-चार किलोमीटरवर येतं, पण गोंगाट बराच खाली बसतो. त्यानंतर पट्ट्याच्या आडव्या दिशेतला कल काढा. तिरक्या नजरेला थराची जास्त जाडी लागते म्हणून काठ उजळ दिसतो : ६० अंशांच्या कोनाला उभ्या नजरेच्या जवळपास दुप्पट, ७० अंशांना अडीच पटीहून जास्त. प्रत्येक स्तंभाची मध्यका वजा केली तरी काम भागतं. शेवटी १५०-२०० किलोमीटर रुंदीची गुळगुळीत पार्श्वभूमी वजा करा आणि उरलेलं चित्र प्रमाण विचलनाच्या दुपटीच्या आत ताणून बघा. लक्षात ठेवायचं ते असं, की या शेवटच्या पायरीने त्या रुंदीहून लांब लहरी स्वतःच्या हातानेच पुसलेल्या असतात.

आता फसव्या लहरींकडे. व्हिअर्स एका फेरीत प्रकाश टिपणाऱ्या १६ शोधकांनी मिळून सुमारे १२ किलोमीटर रुंद फीत टिपतो. शोधकांची संवेदनक्षमता किंचित वेगळी असली की दर १२ किलोमीटरला एक नियमित, सरळ, कक्षेला काटकोनात पट्टा येतो. एअरग्लोमधल्या खऱ्या बारीक तरंगांची तरंगलांबीही ५ ते १५ किलोमीटरच असते, त्यामुळे नवख्याला हा मोठा शोध वाटतो. ओळख सोपी आहे : पट्टे चित्रभर एकाच दिशेने आणि उपकरणाच्या फेरीच्या रेषांना तंतोतंत समांतर असतील तर ते उपकरणाचेच. शोधकनिहाय मध्यका वजा केल्या की जातात. तयार डी-स्ट्राइप फिल्टर मात्र बेतानेच वापरावा. जोर जास्त लावला तर त्याच दिशेने पसरलेली खरी लहरही तो साफ करतो.

उभ्या, कक्षेला समांतर जाणाऱ्या पायऱ्या दिसल्या तर त्या एकत्रीकरणाच्या विभागांच्या सीमा. पिक्सेल समान आकाराचा ठेवण्यासाठी मध्यापासून प्रत्येक बाजूला ३२ विभागांत वेगवेगळ्या संख्येने उपपिक्सेल जोडले जातात. काठाकडे कमी उपपिक्सेल जोडले जातात, म्हणून तिथे गोंगाट सर्वांत जास्त. दक्षिण अटलांटिकच्या चुंबकीय विसंगतीवरून जाताना ऊर्जावान कणांचे पांढरे ठिपके पडतात. उन्हाळ्यातल्या उंच अक्षांशांवर उपग्रह स्वतः उन्हात आणि खालची जमीन अंधारात असते, तेव्हा उपकरणात भरकटलेला सूर्यप्रकाश शिरतो; दुरुस्ती केलेली असली तरी सूर्याचा कोन ११८ अंशांहून कमी असलेल्या भागातल्या धूसर उजेडावर विश्वास टाकू नये. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात तर एअरग्लो शोधायलाच जाऊ नये.

काळ्या समुद्रावर कधीकधी उजेडाचे ऋण आकडे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. या बँडचं शून्य ठरवण्यासाठी अमावास्येच्या रात्रीचा अंधारा समुद्र वापरला गेला, आणि त्या अंधारातही एअरग्लो होताच. तो थोडा शून्यातच जमा झाला. २०१२ मध्ये सुओमीला वळवून त्याची नजर रिकाम्या अवकाशाकडे नेली गेली, त्या नोंदींनी हा दोष बराच सुधारता आला, तरी शून्याची जागा किंचित डळमळीत राहतेच. ऋण आकडे शून्यावर छाटू नयेत, छाटले की सरासरी वर सरकते. आणि लहरीचा आयाम टक्क्यांत सांगायचा मोह टाळावा. भाजकच खात्रीचा नसताना टक्केवारी कसली? या माहितीवरून आयाम सांगायचाच असेल तर नॅनोवॅटमध्ये सांगावा.

ढग की लहर

ही कसोटी चुकवून कोणतंही चित्र लहरीचं म्हणून पुढे करू नये. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला किंवा समुद्रावरच्या सपाट ढगांमध्ये हुबेहूब तसेच पट्टे असतात, आणि अमावास्येलाही ते दिसतात, कारण वरचा एअरग्लोच त्यांच्यावर उजेड पाडतो. त्याच वेळेचा एम-१५ बँड शेजारी ठेवा. त्यात तेच पट्टे असतील तर ते ढग. डे-नाइट बँडमधले पट्टे ढगांच्या कडा, स्वच्छ समुद्र आणि पुन्हा ढग असे अडथळा न मानता पार करत असतील आणि औष्णिक चित्रात त्यांचा मागमूस नसेल, तर ते वरचे. दोन्ही बँडची जाळी वेगळी आहे, एम बँडच्या ओळीत ३२०० पिक्सेल तर डे-नाइटच्या ओळीत ४०६४. शिवाय एम बँडमध्ये काठाकडच्या, दोनदा टिपल्या गेलेल्या ओळी कापलेल्या असतात. त्यामुळे पिक्सेलवर पिक्सेल ठेवून चालत नाही, दोन्ही एका नकाशावर आणावी लागतात.

जागा : सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट

स्थानाची फाइल जमिनीसाठी आहे. नजर ज्या जागी जमिनीला टेकते तिथले अक्षांश-रेखांश ती देते. लहर मात्र त्या नजरेच्या वाटेत ८७ किलोमीटर वर आहे, म्हणजे प्रत्यक्षात ती उपग्रहाच्या खालच्या मार्गाकडे सरकलेली असते. किती? उपग्रहाचा कोन ४५ अंश असेल तर सुमारे ८५ किलोमीटर, ६० अंशांना १४५ च्या आसपास, ७० अंशांना सव्वादोनशे. वर्तुळाकार लहरींचं केंद्र शोधून खाली वादळ किंवा ज्वालामुखी बघायचा असेल, तर ही दुरुस्ती न केल्यास केंद्र भलत्याच ठिकाणी पडतं. दुरुस्ती मात्र अवघड नाही. प्रत्येक पिक्सेल उपग्रहाच्या दिगंशाच्या दिशेने, म्हणजे त्या जागेवरून उपग्रह ज्या दिशेला आहे तिकडे, वरच्या आकड्यांच्या हिशेबाने सरकवायचा. उलट ढगांवरून परतलेला उजेड जवळपास जमिनीच्याच जागी असतो, त्यामुळे सरकवलेल्या चित्रात ढग चुकीच्या जागी जातात. ढगांची जागा एम-१५ वरूनच घ्यावी.

तिरक्या नजरेचा आणखी एक परिणाम. वर चढणाऱ्या लहरीचे उतार केंद्रापासून बाहेरच्या बाजूला कललेले असतात. वर्तुळाकार लहरींच्या कड्याच्या ज्या बाजूला उपग्रह आहे तिथे नजर त्या उतारांना समांतर पडते आणि पट्टे ठसठशीत होतात. पलीकडच्या बाजूला नजर उतार कापत जाते आणि पट्टे विरतात. अर्धंच कडं दिसलं की लगेच वाऱ्याने गाळलं असा निष्कर्ष काढला जातो. वारा गाळतो हे खरंच आहे : लहरीच्या दिशेने तिच्याच वेगाने वाहणारा वारा मध्ये लागला की लहर तिथेच संपते. पण आधी हा नजरेचा हिशेब तपासावा.

एका चित्रातून वेळ

वर्तुळाकार लहरी सापडल्या तर ही सेवा तिच्या वकुबापेक्षा जास्त देते. वारा मंद धरला, तर स्रोतापासून निघालेल्या लहरींची वाट आणि आवर्तकाल भूमितीनेच बांधलेले असतात. समजा, कड्याची त्रिज्या १५० किलोमीटर, वादळाच्या माथ्यापासून थरापर्यंतची उंची ७५ किलोमीटर आणि त्या जागी लागोपाठच्या दोन उजळ पट्ट्यांतलं अंतर ४० किलोमीटर. तिरपं अंतर येतं सुमारे १६८. या उंचीवर हवेचा उत्प्लावक आवर्तकाल (वर ढकललेली हवा एकदा खाली-वर डोलायला घेते तो वेळ) ५ मिनिटांच्या आसपास असतो. तिरपं अंतर भागिले उंची, गुणिले ५ : लहरीचा आवर्तकाल सुमारे ११ मिनिटं. आणि लहर निघून किती वेळ झाला त्यासाठी तिरप्या अंतराचा घन घ्या, त्याला तरंगलांबी, उंची आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागा आणि ५ ने गुणा. उत्तर ५२ मिनिटं. म्हणजे चित्राच्या पाऊण-एक तास आधीचा वादळाचा उसळता माथा भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांत शोधायचा.

यात घन आहे हे विसरू नये. केंद्र ३० किलोमीटर आत धरलं, त्रिज्या १२० झाली, की तेच उत्तर ३९ मिनिटांवर येतं. म्हणून वरची जागेची दुरुस्ती हौसेची बाब नाही. तसंच, एकाच केंद्राभोवती बाहेर जाताना तरंगलांबी वाढत जाते का तेही बघावं. वाढत नसेल तर स्रोत एक नसून अनेक आहेत, किंवा त्या लहरी सरळ पट्ट्यांच्या आहेत आणि डोळा वर्तुळ कल्पून घेतो आहे. स्रोताची खूण चित्रातच असते : वीज चमकली की एका फेरीच्या फितीएवढी, १२ किलोमीटर रुंदीची आडवी पांढरी चौकट उमटते. मे २०१३ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या महासेन चक्रीवादळावरच्या वर्तुळाकार लहरी याच बँडने वरच्या थरात आणि अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या एअर्स या अवरक्त उपकरणाने त्याखाली स्थितांबरात टिपल्या. एप्रिल २०१५ मध्ये चिलीतल्या काल्बुको ज्वालामुखीच्या उद्रेकानंतरच्या लहरीही डे-नाइट बँडमध्ये आल्या. सरावाला ही दोन उदाहरणं चांगली, कारण स्रोत कुठे होता ते आधीच ठाऊक असतं. जानेवारी २०२२ च्या हुंगा टोंगा उद्रेकाच्या वेळी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. पृथ्वीभर पसरलेल्या त्या लहरींसाठी या बँडला रात्र अनुकूल नव्हती.

वेग मागू नये

नोआ-२० आणि नोआ-२१ यांच्यात अर्ध्या कक्षेचं, सुमारे ५० मिनिटांचं अंतर आहे, म्हणून दोन चित्रांवरून लहरीचा वेग काढावा असं वाटतं. ५० मीटर प्रति सेकंद वेगाने लहर तेवढ्या वेळात १५० किलोमीटर जाते. तरंगलांबी ४० असेल तर जवळपास चार पट्टे पुढे सरकले. कोणता पट्टा कुठे गेला ते ठरवायचं कशावरून? शिवाय एकाने ती जागा पूर्वेकडून बघितलेली असते, दुसऱ्याने पश्चिमेकडून. दोघांचा कोन ४५ अंश असेल तर न हलणारी लहरही १७० किलोमीटर सरकल्यासारखी दिसते. जागेची दुरुस्ती करून लहरींचा अख्खा समूह कुठून कुठे गेला एवढं फार तर सांगता येईल. एका चित्राच्या फूरिए विश्लेषणातून, म्हणजे पट्ट्यांची तरंगलांबी आणि दिशा काढणाऱ्या गणितातून, दिशाही अर्धीच कळते. पट्टे ईशान्येकडे जाताहेत की नैऋत्येकडे, हे स्थिर चित्र सांगू शकत नाही. वर्तुळाकार लहरी मात्र बाहेरच जातात, तिथे हा प्रश्न उरत नाही.

या जागी जमिनीवरचा सर्वाकाश कॅमेरा, म्हणजे अख्खं आकाश एका चित्रात घेणारा कॅमेरा, सरस ठरतो. त्याचं क्षेत्र काहीशे किलोमीटरांचंच आणि ढग आला की खेळ संपला. पण एक-दोन मिनिटांनी एक चित्र रात्रभर मिळतं आणि वेग, दिशा, आवर्तकाल तिन्ही मोजता येतात. अरुंद फिल्टर लावून थर वेगळे करता येतात हा त्याचा दुसरा फायदा; हिरव्या रेषेसाठी दीड-दोन मिनिटांचं एक्स्पोजर लागतं, हायड्रॉक्सिलच्या रुंद पट्ट्याला १५-२० सेकंद पुरतात. तापमान हवं असेल तर नासाच्या एडब्ल्यूई या प्रयोगाची माहिती बघावी. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेला आणि दीड मायक्रॉनजवळच्या हायड्रॉक्सिल रेषांच्या गुणोत्तरातून ८७ किलोमीटरवरच्या तापमानाचा नकाशा काढतो, त्यामुळे आयाम केल्विनमध्ये मिळतो आणि शून्याचं दुखणं बरंच टळतं. स्थानकाची कक्षा ५१.६ अंश कललेली असल्याने त्यापलीकडचे अक्षांश जवळजवळ सुटतात, आणि पट्टा व्हिअर्सच्या मानाने अरुंद आहे.

स्वतःचा सर्वाकाश कॅमेरा असलेल्यांनी त्याचं घड्याळ यूटीसीला सेकंदापर्यंत जुळवलेलं ठेवावं आणि उपग्रह वरून जाण्याच्या आधी-नंतरची अर्धा-अर्धा तासाची चित्रं न कापता साठवावीत. जागा आणि विस्तार व्हिअर्सकडून घ्यायचा, गती कॅमेऱ्याकडून. दोन्ही चित्रं ८७ किलोमीटर उंचीच्या एकाच नकाशावर मांडली की पट्टे एकमेकांवर बसायला हवेत. बसले नाहीत, तर आधी उंची ८७ ऐवजी ९६ धरून बघा; कॅमेऱ्याला हिरवा फिल्टर लावलेला असेल तर त्याचा थर तोच आहे.